बिनरेग्युलेटरचे खोब्रागडे काका

खोब्रागडे काकांच्या बैठकीतल्या पंख्याला रेग्युलेटर नाही. पूर्वी होता. काकांनी तो स्वतःच्या हाताने उपटून काढला आणि भिंतीतल्या भोकावर पुठ्ठा चिकटवला. आता तिथे नुसतं बटण आहे. ते दाबलं की पंखा एकदम पाचावर सुटतो, पेपर उडतो, कॅलेंडर भिंतीवर आपटायला लागतं आणि आलेला पाहुणा चहाच्या कपावर हात धरून बसतो. कुणी भीत भीत म्हणालंच, "काका, जरा कमी..." तर काका उठून पंखा बंद करून टाकतात. मग पाहुणा रायपूरच्या उकाड्यात घाम पुसत चहा पितो.

"हवा पाहिजे तं पूर्ण घे, नाहीतं राहू दे," काका म्हणतात. "हे दोनवर, तीनवर काय असते बे? इकडं नाहीतं तिकडं. मधात काय आहे? मधात खड्डा आहे!"

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, पण नोकरी आणि संसार सगळा रायपुरात. आमच्या तात्यापारा मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घरासमोर आहे. पहिल्याच ओळखीत त्यांनी मला सांगितलं होतं, "लाल म्हंजे थांब, हिरवा म्हंजे जा. पिवळा कोनासाठी ठेवला मालूम आहे? ज्याले ठरवता येत नाही, त्याच्यासाठी." सिग्नल खात्यातल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी त्यानंतर कितीतरी दिवस रेल्वेने गेलो नाही. त्यांचे जुने सहकारी मात्र सांगतात, की नोकरीत पिवळ्याचं कामही काकांनी चोख केलं. फक्त ते त्यांना मनातून कधी पटलं नाही.

एकदा विमलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, गोल बाजारातून मधल्या आकाराची कढई आणायला सांगितली. काका अख्ख्या लग्नाचा भात शिजेल एवढी कढई रिक्षातून घेऊन आले. "मधली नव्हती काय?" काकूंनी विचारलं. "मधलीच तं दाखवून राहिला होता तो," काका म्हणाले, "म्हनून त्याच्यासंगं भांडन झालं."

अशा माणसाला माझ्यासारख्याबद्दल काय वाटणार ते उघड आहे. मी शंकर नगरच्या एका विमा ऑफिसात नोकरी करतो आणि आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा 'चालेल' हा शब्द वापरतो. माझी बायको म्हणते, की लग्नाच्या वेळी होकारसुद्धा मी 'चालेल' म्हणूनच दिला होता. काका मला 'मधातला' म्हणतात. "काय रे मधातल्या, निघाला काय ऑफिसले?" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी आपला हसून हात हलवतो.

काकांचा जगातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धुमाल. रायपुरात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. धुमाल म्हणजे आमच्याकडची वाजंत्री. ढोल, ताशे, एक कीबोर्ड आणि हे सगळं दसपट करणारे गाडीवर रचलेले भोंगे. वरात असो, गणपती असो, दुर्गा असो की चौदा एप्रिलची जयंती, धुमालशिवाय मिरवणूक निघत नाही. धुमाल गल्लीत शिरलं की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि फ्रिजवरची बरणी आपोआप कडेला सरकते. रात्री भोंगे कधी बंद करायचे याचा कायदा आहे, पण धुमालच्या आवाजात तो कुणाला ऐकू येत नाही.

धुमाल आलं की काका घरातून रेल्वेचा लाल झेंडा घेऊन निघत आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीसमोर उभे राहत. गंमत अशी, की धुमाल थांबे. ड्रायव्हरचा पाय लाल कापड बघून आपसूक ब्रेकवर जाई. मग नवऱ्यामुलाच्या घोड्यापासून वऱ्हाडापर्यंत सगळे खोळंबत, आणि धुमालचे मालक मुन्ना भैया पुढे येऊन हात जोडत. "काका, आज तो जाने दो. दूल्हे का टाइम निकल जाएगा."

"वाजवनं बंद कर आनि जा."

"बिना बजाए कैसे जाएँ काका? बारात है, मय्यत थोड़ी है."

शेवटी कुणीतरी समजूत घाली. काका झेंडा गुंडाळून घरात जात आणि धडाधड सगळ्या खिडक्या लावत. आम्ही समजत होतो, की हे सगळं विमलकाकूंसाठी आहे. तीन-चार वर्षांपूर्वी काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत असतात. आजारी माणसाला आवाजाचा त्रास होणारच, त्यामुळे काकांना कुणी फारसं दुखवत नसे.

मग नगर निगमची निवडणूक लागली आणि काका पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, जागेसाठी अपक्ष उभे राहिले. जाहीरनामा एका ओळीचा: वॉर्डात धुमाल बंद. पूर्ण बंद.

बातमी कळताच मुन्ना भैयांनीही अर्ज भरला. त्यांचा जाहीरनामाही एका ओळीचा होता: धुमाल बजेगा, रातभर बजेगा. पक्षांचे उमेदवार होतेच, पण त्यांच्यात तिकिटावरून इतकी भांडणं झाली होती, की वॉर्डातल्या लोकांना ही जोडीच जास्त मजेशीर वाटली. त्यात चिन्हं वाटली गेली. धुमालच्या मालकाला मिळाली उशी. आणि ज्याला वॉर्डात टाचणी पडलेली ऐकू यायला हवी होती, त्या खोब्रागडे काकांना मिळाली शिट्टी. दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्यातला एकेक पोट्टा काकांच्या दारावरून शिट्टी वाजवत जाऊ लागला. काका दार उघडून ओरडत, "वाजवू नका बे!" पोट्टे ओरडत, "आप ही का प्रचार है, अंकल!"

प्रचाराला काकांनी मला धरलं. मी म्हणालो, "चालेल." पहिल्याच घरी आमचं काय होणार ते दिसलं. घर साहूंचं. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. साहू भैया म्हणाले, "काका, आपकी बात तो सही है. बस हमारी बिटिया की शादी हो जाए, उसके बाद बंद करवा दीजिए." पुढच्या घरी मुलाचं लग्न. त्याच्या पुढच्या घरात दुर्गासमितीचे अध्यक्ष. प्रत्येकाला गल्लीत शांतता हवी होती आणि प्रत्येकाला आपली एक मिरवणूक सोडून हवी होती.

तिकडे मुन्ना भैयांचीही तीच गत होती. ज्या घरांत दहावी-बारावीची पोरं होती, तिथे आया त्यांना दारातच अडवत. "भैया, वोट तो दे देंगे, लेकिन रातभर मत बजाना." चार दिवसांत त्यांच्या भिंतीवरच्या 'रातभर' वर चुना फिरला आणि त्याजागी 'बारह बजे तक' आलं. पुढे म्हाताऱ्यांची गल्ली लागली आणि बाराचे अकरा झाले.

मी काकांना म्हणालो, "काका, मुन्ना सरकून राहिला. तुम्हीही थोडं सरका. निदान सण तरी सोडा."

"मी सरकनार नाही."

"मग पडाल."

"पडीन. पन मधात पडनार नाही!"

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा चिडलो. म्हणालो, "काका, मत मागनारा मानूस लोकांच्या दारापर्यंत जातो. लोक जिथं राहतात तिथं त्याले जावं लागते. आनि लोक मधातच राहतात. दोन्ही टोकांवर मिळून तुम्ही आनि मुन्ना दोघंच होते. आता तो बी इकडं येऊन राहिला. तुम्ही एकटे राहाल तिथं."

काका उठून आत गेले. मी वाट पाहत बसलो. बराच वेळ झाला म्हणून, आणि खरं तर आपण जास्त बोललो असं वाटून, मी आतल्या खोलीच्या दाराशी गेलो. इतक्या वर्षांत मी तिथपर्यंत कधी गेलो नव्हतो. काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, काका शेजारी स्टुलावर. दोघं काही बोलत असावेत, मला पाहून थांबले. आणि माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे रेग्युलेटर होता. चांगला, नवा, पांढरा. वर पंखा अगदी हळू फिरत होता, काकूंच्या कपाळावरचे केस हलावेत इतपत. मी मुकाट्याने परत फिरलो आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना काका दारात. "लिही," म्हणाले. "धुमाल वाजन. रात्री नऊपर्यंत. पन हळू वाजन. आनि ज्या घरी कोनी बीमार आहे, त्या घरी आधी जाऊन विचारन, मंग वाजन."

तोंडात पेस्ट असल्यामुळे मला ओरडता आलं नाही. पूर्ण बंदवरून माणूस एका रात्रीत नवावर आला होता! आपल्या एका भाषणाने खोब्रागडे काका हलले, या आनंदात मी ऑफिसला दांडी मारली आणि सरळ गोल बाजारातल्या प्रिंटिंग प्रेसवर गेलो. प्रेसवाल्याने कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "भैया, मुन्ना का भी यही मैटर है. अभी दे के गया, नौ बजे तक, धीमे. बस बीमार वाली लाइन नहीं है. प्लेट वही रख लूँ? फोटो बदल देता हूँ, सस्ता पड़ेगा."

बीमार वाली लाइन मुन्ना भैयांनी दुसऱ्या दिवशी घातलीच. म्हणजे आता दोघांची पत्रकं फोटो आणि चिन्ह सोडून अक्षरन् अक्षर सारखी. लोक दोन्ही वाचत आणि हसत. एका चौकात दोघांचा प्रचार समोरासमोर आला, तेव्हा मुन्ना भैया माईकवर म्हणाले, "जो काका बोल रहे हैं, मैं भी वही बोल रहा हूँ," आणि काका म्हणाले, "मी बी." सभा तिथेच संपली, कारण पुढे बोलायला काही उरलं नव्हतं.

मला काळजी लागली. दोघं एकच सांगताहेत, तर लोक मत कुणाला देणार? तरुण पोरं मुन्नाची, धंदा मोठा, ओळखी मोठ्या. मी काकांना हे बोलून दाखवलं. काका नुसतं म्हणाले, "पाहू." त्यांच्या तोंडून 'पाहू' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

उत्तर मला साहू भैयांच्या आईने दिलं. मतदानाच्या रांगेत म्हातारी माझ्या पुढे होती. मी सहज विचारलं, "दाई, दोघं तं एकच बोलून राहिले. मग कोनाले?"

म्हातारी तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "मुन्ना नौ बोलही त साढ़े दस बजाही. ओ कका नौ बोलही त नौ. जेन अपन घर के पंखा ला बीच म नइ चलन दिस, ओ अपन बात ला का हिलाही?"

हव! मी मनात म्हणालो. ज्याने घरचा पंखासुद्धा मधात फिरू दिला नाही, तो आपला शब्द काय हलवणार! इतके दिवस मी काकांना मधात ओढत होतो आणि मधात दोघं शेजारी शेजारी येऊन उभे राहिले, तेव्हा लोकांनी बघितलं ते हेच, की यातला शब्दाला कोण टिकेल. टोकाला राहून राहून काकांनी जी पत कमावली होती, ती मधात आल्यावर कामाला आली.

काका निवडून आले! आणि काठावर नाही, चांगले दणक्यात निवडून आले. मोजणीच्या जागेवरून आम्ही निघालो तेव्हा अख्खा वॉर्ड शिट्ट्या वाजवत होता, बायका, म्हातारे, साहू भैयांचा नवा जावईसुद्धा. माझ्या कानांना दडे बसले, पण मीही वाजवत होतो. काका गळ्यात हार घालून, मान ताठ करून चालत होते, आणि एकदाही "वाजवू नका बे" म्हणाले नाहीत.

वॉर्डाच्या तोंडाशी भोंगे चढवलेली गाडी उभी होती. समोर मुन्ना भैया. ते खाली उतरले, काकांच्या पाया पडले आणि म्हणाले, "हार गए तो क्या हुआ काका, जुलूस तो मेरे ही धुमाल पे निकलेगा. नौ बजने में टाइम है." मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली.

धुमाल सुरू झालं. ठरल्याप्रमाणे हळू, म्हणजे नेहमीच्या मानाने. नाचत नाचत मिरवणूक आमच्या गल्लीत आली, काकांच्या घरासमोर आली, आणि काका तरातरा आत गेले. बाहेर आले ते हातात लाल झेंडा घेऊनच. गाडीसमोर जाऊन उभे राहिले. ढोल थांबले. सगळ्यांचे चेहरे पडले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "लो, जीत गए, अब फिर शुरू."

काका मुन्ना भैयांना म्हणाले, "पत्रकात काय छापलं आहे? बीमार मानसाच्या घरी आधी विचारायचं."

ते पुन्हा आत गेले. मीही मागोमाग गेलो. थोड्या वेळाने आम्ही दोघांनी मिळून काकूंची चाकांची खुर्ची उंबऱ्यावरून बाहेर काढली. काकूंनी पांढरी साडी नेसली होती, जयंतीच्या मिरवणुकीत नेसतात तशी, कडक इस्त्रीची. डोक्याला तेल, केसात फूल. त्यांच्या डाव्या हातात काकांनी रेल्वेचा हिरवा झेंडा दिलेला होता.

मुन्ना भैया खुर्चीसमोर वाकले. "काकी, बजाएँ?"

काकूंनी सगळ्या गल्लीकडे एकदा पाहिलं. मग डावा हात जमेल तेवढा वर गेला आणि हिरवं कापड हललं. ढोलांनी जी उडी घेतली, ती मी शब्दांत सांगू शकत नाही. मी, जन्माचा 'चालेल' वाला माणूस, दोन्ही हात वर करून नाचत होतो आणि रडतही होतो.

मिरवणूक पुढे निघाली. साहू भैया खुर्ची ढकलत होते. काकांनी वाकून काकूंच्या पायांतल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि कडेकडेने चालू लागले. पार्षद साहेब गळ्यात हार घालून आणि हातात बायकोच्या चपला धरून चालले आहेत हे बघून मी त्यांच्याजवळ गेलो आणि ओरडलो, "चपला काहून काढल्या?"

धुमालच्या आवाजात काकांना माझ्या कानाशी तोंड आणून ओरडावं लागलं. "ही नाचत होती! जयंतीले, वरातीत, धुमाल आलं का घरात राहतच नव्हती! चपला काढून नाचे! लकवा झाल्यावर धुमाल वाजलं, का ही भिंतीकडं तोंड करून रडे! मले वाटलं, वाजनंच बंद करून टाकू, म्हंजे रडनं बंद होईन!"

"मंग?"

"मंग मत मागायले इच्याकडं गेलो! त्या दिवशी, तू बोलला तेव्हा! म्हनलं, निदान घरातलं तं पक्कं करू! तं म्हनते, मुन्नाले देईन! म्हनलं काहून? म्हनते, नाचता येत नाही, तं ऐकू बी नको काय?"

म्हणजे माझ्या भाषणाने काका हलले नव्हते. ते एका मतासाठी हलले होते. मी विचारलं, आता माझाही आवाज चढला होता, "आनि तुम्ही? तुम्ही नाचत होते काय?"

काका छाती भरून ओरडले. नेमक्या त्याच क्षणी मुन्ना भैयांनी घड्याळ पाहून हात वर केला, कारण नऊ वाजले होते, आणि ढोल, ताशे, कीबोर्ड सगळं एका ठोक्यात बंद पडलं. त्या शांततेत आमच्या पार्षदांचा आवाज अख्ख्या वॉर्डाने ऐकला:

"मले नाचता येत नाही! मले इच्या चपला धरून चालायले लय आवडे!"

कुणीही हसलं नाही. मग काकू हसल्या, अर्ध्या चेहऱ्याने, आणि त्यांच्याबरोबर सगळी गल्ली. काका लाजले. त्यांना लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एक पोरगं म्हणालं, "अंकल, आज के दिन दस मिनट और?"

"नऊ म्हंजे नऊ," काका म्हणाले.

लोक पांगले. भोंग्यांची गाडी मुकाट मागे फिरली. आम्ही खुर्ची हळूहळू घराकडे वळवली, काका कडेने, चपला अजून हातात. गल्लीत कसलाही आवाज नव्हता. फक्त खुर्चीच्या हातावर काकूंची डावी बोटं धुमालचा ठेका वाजवत होती, टक टक टटक टक, आणि काका त्या ठेक्यावर पाऊल टाकत चालले होते. नऊ कधीच वाजून गेले होते, पण त्यांनी काही थांबवायला सांगितलं नाही.